गळ्याखालचा धागा

१

किड्यांना कालिंदी कधी भ्यालीच नाही. तिचं माहेर वाईकडचं, घरात चार म्हशी. म्हशीच्या कानातली गोचीड पिरगाळून तोंडासकट कशी काढायची, हे तिला आठव्या वर्षी येत होतं. कुत्र्याच्या जखमेतल्या अळ्या, पोरांच्या डोक्यातल्या लिखा, धान्यातले सोंडे, सगळं तिने याच दोन बोटांनी वेचलं. काशीत ब्रह्मा घाटाच्या गल्लीत सून होऊन आली त्याला पस्तीस वर्षं झाली. शेजारणी अजून लेकरांची डोकी घेऊन तिच्याकडेच येत.

म्हणून नणंद निवेदिता काचेच्या टाकीत तीन जनावरं घेऊन माहेरी आली, तेव्हा तोंड वाकडं केलं ते कालिंदीच्या नवऱ्याने, काशीनाथने. काशीनाथ तीर्थपुरोहित. देशावरून येणाऱ्या यजमानांचे संकल्प सांगायचे, पिंड करवायचे, हा त्याचा धंदा.

"या पाली घरात कशाला?"

"पाली नाहीत, न्यूट आहेत. पाण्यात राहतात," कालिंदी म्हणाली. "तुमच्या ताटात तर येत नाहीत ना?"

चार बोटांएवढा जीव. पालीचं अंग, बेडकाची कातडी, पाठ काळी आणि पोटाला शेंदूर फासल्यासारखा लाल. थोरला, मधला आणि धाकटा, अशी नावं निवेदिताच्या नवऱ्याने, प्रसन्नने, ठेवलेली. प्रसन्न गेल्या श्रावणात गेला. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं. सासरच्या घरातून निवेदिताने दुसरं काही आणलं नाही. ही टाकी मांडीवर घेऊन रिक्षातून आली.

आल्यापासून ती मागच्या खोलीत पडून होती. शाळेतली गाण्याची नोकरी, तिथून फोन येत, ती घेत नसे. अर्धी पोळी खाल्ली तर घरात सण. डॉक्टरीणबाई कालिंदीला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, हिला जगायला काहीतरी कारण ठेवा. कालिंदीने मागे वळून पाहिलं. निवेदिता काचेला कपाळ टेकून बसली होती आणि आतून थोरला तिच्या कपाळाशी नाक लावून होता. कारण काय ते कालिंदीला तेव्हाच कळलं. ही तीन गेली, की चौथी जाणार.

तेव्हापासून टाकी तिने आपल्या अंगावर घेतली. प्रसन्नने वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, ते निवेदिताकडून एकदा वाचून घेतलं आणि पाठ झालं. हात ओले करूनच धरायचं. दुपारी फ्रीजमध्ये गोठवलेली बाटली पाण्यात सोडायची, काशीचा उन्हाळा यांना सोसत नाही. नळाचं पाणी माठात दिवसभर ठेवून मगच घालायचं, त्यातलं औषध उडून जाऊ द्यायचं. आणि गंगेचं पाणी कधीही घालायचं नाही, त्यात जळवा आणि कीड येते.

वैशाख लागला आणि नळाच्या पाण्याला असा औषधाचा वास येऊ लागला की दोन दोन दिवस माठात ठेवूनही जाईना. न्यूट तळाशी सुस्त पडले. खाईनात. निवेदिताही खाईना.

कालिंदीने स्टूल घेतलं आणि देवघराच्या वरची फळी गाठली. यजमानांना द्यायचे गंगेचे गडू तिथे असत. तांब्याचे, तोंडाला कथलाचा डाग देऊन कायमचे बंद केलेले. अगदी मागे एक मोठा, शेरभर पाण्याचा, हिरवा पडलेला गडू होता. तिने मनाशी हिशेब जुळवला. नदीच्या पाण्यात कीड असते, हे खरं. पण ती सून होऊन आली त्याच्याही आधीपासून तांब्यात कोंडलेल्या पाण्यात कोणती कीड जगेल? आणि बंद गडूतली गंगा नासत नाही, हे तर घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

पक्कडीने तिने झाकण उचकटलं. पाणी स्वच्छ होतं. वास म्हणाल, तर काहीच नाही. आपल्याला वासच येत नाही की काय, असं वाटून तिने शेजारचा कापूर हुंगून पाहिला. तो येत होता.

तिने गडू टाकीत उपडा केला.

२

दुसऱ्या दिवशी न्यूट पोहत होते.

नुसते पोहत नव्हते, तर गांडुळाचा तुकडा दाखवला की झेपावत होते. कातडीला अशी चमक आली की कालिंदीने काशीनाथला हात धरून आणून दाखवलं. त्याच दुपारी मागच्या खोलीतून हाक आली, "वहिनी, भूक लागलीय. काही आहे का?"

कालिंदी लगबगीने उठली. तिने वरणभात केला, वर तुपाची धार सोडली. निवेदिताने ताट चाटूनपुसून खाल्लं आणि विचारलं, "लोणचं संपलं का गं? की लपवून ठेवतेस?"

"तुझ्यापासून लपवायलाच हवं. लहानपणी बरणीत हात घालायचीस म्हणे."

"दादा सांगतो तुला. हात त्याचा असायचा, मार मला."

नऊ महिन्यांत निवेदिता पहिल्यांदा हसली. कालिंदी स्वयंपाकघरात गेली आणि पदर डोळ्यांना लावून उभी राहिली.

चौथ्या सकाळी पाणी बदलताना तिला दिसलं. थोरल्याच्या गळ्याखाली, जिथे पुढचे पाय फुटतात तिथे, एक पांढरा धागा लोंबत होता.

कात असेल, असं तिला आधी वाटलं. न्यूट कात टाकतात आणि स्वतःच खातात. पण कात विरविरीत असते, चिमटा लावला की सुटते. हा धागा सुटला नाही. मग बुरशी? बुरशी कापसासारखी फुलते. याला फुलोरा नव्हता. जळू म्हणावी, तर जळू आखडते. उरला तो माशांना लागणारा सुईसारखा किडा. तो अंगात डोकं रुतवून बसतो आणि शेपूट बाहेर ठेवतो. पण त्याच्या मुळाशी कातडी लाल होते, सुजते. थोरल्याची कातडी निरोगी होती. धागा तिच्यातून असा निघाला होता, जसा डोक्यातून केस निघतो.

"असशील कोण ते अस," कालिंदी त्याला म्हणाली. "माझ्या हातून सुटलेला किडा अजून जन्माला यायचाय."

पदराने चष्मा पुसून ती पुन्हा वाकली. तेव्हा मधल्याच्या गळ्याखालीही दिसला. आणि धाकट्याच्या.

३

आजारी जनावर आधी वेगळं काढायचं, हे म्हशींनाही लागू आणि न्यूटलाही. तिने तीन डबे घेतले, तळाला मऊ ओला कपडा घातला आणि तिघांना तीन ठिकाणी ठेवलं. डबे मागच्या खोलीतच, खिडकीखाली, कारण गारवा तिथेच. खोलीत आवाज असा नव्हताच. गल्लीच्या टोकाला होडीचं इंजिन धडधडे तेवढंच.

मग मिठाचं पाणी. लिटरला एक चमचा, पाच मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. जळू असती तर गळून पडली असती. धागे तसेच राहिले.

पाच मिनिटं संपता संपता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. पाणी डब्यात आहे, हलत नाही, पंखा बंद आहे. मग धागा सरळ खाली लोंबायला हवा, नाहीतर तरंगायला हवा. तिन्ही धागे आडवे ताणलेले होते, एकाच दिशेला. तिने डबा फिरवला. न्यूट फिरला. धागा वळला आणि पुन्हा त्याच बाजूला जाऊन ताठ झाला.

त्या बाजूला निवेदिताचा पलंग होता. ती पालथी झोपली होती, केस मोकळे सुटून उशीवर पसरले होते.

खिडकीतून झुळूक येत असेल, असं कालिंदीने ठरवलं. खिडकी बंद केली. मग उगाच उभी राहिली, पण डब्यांकडे तिने पाहिलं नाही.

संध्याकाळी काशीनाथच्या फोनवर फोटो काढून ती मैदागिन चौकाच्या बाजूला शोभेच्या माशांच्या दुकानात गेली. दुकानदार मोहन चाळिशीचा, अस्सल बनारसी, तोंडात पान. फोटो मोठा करून त्याने बराच वेळ पाहिला.

"चाची, ई कीड़ा ना हौ."

"फिर क्या है?"

"सूत हौ. बटल सूत. देखा, दू ठो पेंच पड़ल हौ."

कालिंदीने चष्मा लावला. खरंच, धागा एकेरी नव्हता. दोन पदर एकमेकांवर वळलेले होते, जसं सूत वळतात तसे.

"अरे, सूत क्या बदन में उगता है?" ती हसली. "पान थोड़ा कम खाव, मोहन."

मोहन हसला नाही. फोन तिच्या हातात देताना तो दोन बोटांनी, कडेला धरून दिला. निळ्या औषधाची बाटली बांधून दिली आणि म्हणाला, "चाची, एके खींचिहा मत."

४

पण ओढल्याशिवाय कीड निघते का? डोक्यासकट काढावी लागते, नाहीतर आत राहून जनावर नासवते. हे कालिंदीला मोहनने शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवेदिता चक्क आंघोळीला गेली होती. आत गुणगुणत होती. गुणगुणणं ऐकून कालिंदीच्या हाताला बळ आलं. हिचं हसू, हिची भूक, सगळं या तिघांवर उभं आहे. तिघांना कीड खाऊ द्यायची नाही.

तिने हात ओले केले, थोरल्याला डाव्या तळव्यात उताणा घेतला. लाल पोट शांत वरखाली होत होतं. उकळून गार केलेला चिमटा मुळाशी लावला आणि हळू ओढलं.

धागा आला. अडला नाही. आपण होऊन दिल्यासारखा आला.

वीतभर आला. कालिंदीने चिमटा पुढे सरकवला. आणखी वीतभर आला. चार बोटांचा जीव, त्यातून हातभर धागा निघाला तरी संपेना. ती ओढत राहिली, कारण अर्धवट सोडणं याहून वाईट, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तळव्यातलं वजन कमी होत गेलं. शेवटचं टोक सुटलं तेव्हा तळव्यात थोरल्याची कातडी होती. डोळे, बोटं, शेपूट, सगळं जागेवर. आत काही नाही. रक्ताचा थेंब नाही.

न्हाणीघरातलं गुणगुणणं मध्येच तुटलं.

"वहिनी," आतून आवाज आला, "मला कसंतरी होतंय."

धागा वाटीत टाकून कालिंदी धावली. निवेदिता ओल्या अंगाने भिंतीला धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते. कालिंदीने तिला टॉवेलात गुंडाळून पलंगावर निजवलं, कपाळावर पट्टी ठेवली.

"थोरला गेला ना?" निवेदिता डोळे मिटूनच म्हणाली.

"कोण म्हणतं? औषधात ठेवलाय."

"बरं," निवेदिता म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारचं ताट तसंच परत आलं. रात्रीचंही.

वाटीतला धागा सरळ झाला होता. त्याची दिशा कालिंदीने पाहिली नाही. चिमट्याने उचलून गॅसच्या जाळावर धरला, तर तो पेटला नाही. चरचरला, आणि आताच फुंकून विझवलेल्या वातीचा वास घरभर झाला.

५

काशीनाथ घाटावरून आला तो वास घेतच.

"निरांजन कोणी विझवलं?"

"कोणी नाही. अहो, मागच्या फळीवरचा गडू मी फोडला. टाकीत घातला."

"कुठला?"

"हिरवा पडलेला. मोठा."

काशीनाथ पाय धुवायला वाकला होता, तसाच थांबला. मग सावकाश पाट ओढून बसला.

"मी मुंजीचा होतो तेव्हाची गोष्ट," तो म्हणाला. "साताऱ्याकडची एक यजमानीण आली. इथून आमच्या बाबांनीच वर्षापूर्वी तो गडू तिच्या सासऱ्याच्या शेवटच्या घोटासाठी दिला होता. तो तिने बाबांच्या हातात ठेवला. म्हणाली, तुमचा तुम्हाला परत. प्यायला पाणी विचारलं, तर घेतलं नाही."

"गंगा कोणी परत करतं का?"

"नाही करत."

"मग तिने का केली?"

"बाबांनी विचारलं नाही. गडूवरचा डाग आपलाच होता, पण त्यावर आणखी एक डाग दिलेला होता. म्हणजे मधे एकदा उघडला असणार." मग तो म्हणाला, "सासरा कसा आहे, एवढं बाबांनी विचारलं होतं. ती म्हणाली, आहेत. अजून आहेत."

"मग बरंच झालं की."

"मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण ती रडत होती."

कालिंदीने डाळ निवडायला घेतली आणि निवडलेली डाळ पुन्हा निवडली. म्हातारा माणूस, त्याला गंगेने गुण आला, सून आनंदाने रडली असेल. जुन्या बायका गडू परत करतही असतील, नवस फेडल्यासारखा. सगळ्याला उत्तर होतं. फक्त टाकीकडे जायची वेळ झाली तेव्हा ती पहिल्यांदा उठली नाही. काशीनाथने दोनदा तिच्याकडे पाहिलं, मग ती उठली.

दोघे उरलेले न्यूट तिने पुन्हा टाकीत सोडले होते. गांडूळ टाकलं, दोघांनी झडप घातली. इतके धडधाकट न्यूट प्रसन्नच्या वेळीही नव्हते.

निळ्या औषधाची बाटली तिने उघडली नाही.

६

दोन दिवस तिने कशालाही हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी निवेदिता पुन्हा उठली. चहा स्वतः केला, काशीनाथच्या चहात साखर जास्त टाकली म्हणून त्याच्याशी भांडली. दुपारी कालिंदी मागच्या खोलीत पाणी घालायला गेली, तर ती आरशापुढे इस्त्रीची साडी नेसून उभी.

"शाळेतून फोन आला होता. घेतला मी," निवेदिता म्हणाली. "मोठ्या बाई आजच या म्हणाल्या. मुली विचारतायत म्हणे, बाई कधी येणार."

"मग?"

"मग काय, जाते. वहिनी, वेणी घालून दे ना. माझे हात मागे पोचत नाहीत, मान अवघडलीय."

कालिंदीने तिला आरशापुढेच पाटावर बसवलं आणि स्वतः मागे पलंगाच्या कडेला बसली. केस विंचरले. गुंता फार नव्हता. पेड काढण्यासाठी मानेवरचे केस तिने वर उचलले.

केसांच्या मुळाशी, मणक्याच्या जरा डावीकडे, पांढरा धागा होता. कातडी निरोगी. लाली नाही, सूज नाही. दोन पदर, एकमेकांवर वळलेले.

तिने तो दोन बोटांत धरला. याच दोन बोटांनी तिने आयुष्यभर वेचलं होतं. धागा ओला आणि ऊबदार होता, आणि त्यात ठोका होता. कालिंदीचं दुसरं बोट निवेदिताच्या मानेच्या शिरेवर होतं. तो ठोका वेगळा होता. हा फार सावकाश पडत होता. कुठून तरी दूरवरून आल्यासारखा.

"काय गं, थांबलीस का?" निवेदिता म्हणाली. "उवा झाल्यात की काय?"

"नाही."

"मग काय आहे?"

टाकीत टकटक झाली. मधला आणि धाकटा काचेला नाक लावून होते. एकदम, दोघेही.

ओढायचं कसं ते कालिंदीला पक्कं माहीत होतं. हळू, न थांबता, टोक सुटेपर्यंत. आणि टोक सुटल्यावर तळव्यात काय उरतं, तेही माहीत होतं. तिने निवेदिताच्या खांद्याकडे पाहिलं. नऊ महिन्यांत हाडं वर आली होती, आता त्यांच्यावर मांस धरू लागलं होतं. आरशात निवेदिता स्वतःलाच कुंकू लावायचं की नाही विचारत होती, मग छोटी काळी टिकली लावली आणि मान वाकडी करून पाहिलं.

"बरी दिसते का गं?"

"छान दिसतेस," कालिंदी म्हणाली.

तिने केसांचे तीन पेड केले. धागा डाव्या पेडात घेतला. तो पेडाबरोबर मऊ वळला, कुठे टोचला नाही. केसांखाली पेडापेडाने लपत गेला. कंबरेपर्यंत वेणी आली, केस संपले, तिने रबर लावलं.

धागा संपला नव्हता. रबराच्या पुढे तो पाटाच्या कडेवरून फरशीवर उतरला होता आणि पलंगाखाली गेला होता. पलंगाखाली किती लांब, आणि कशापर्यंत, ते पाहायला वाकावं लागलं असतं. कालिंदी वाकली नाही. पण वेणी तिच्या हातात असताना खालून कोणीतरी एकदा, हळूच, ओढून पाहिलं. नीट बांधलं आहे ना, हे बघितल्यासारखं.

"वहिनी, घट्ट घाल हं. मुलींसमोर सुटायला नको."

कालिंदीने वेणी हातात घेतली, रबर काढलं आणि आणखी एक वेढा देऊन पुन्हा लावलं.

"नाही सुटायची," ती म्हणाली.